डिस्क सुटेना

खंडेनवमीला पूजा झाली की यंत्राला हात लावायचा नाही, हा आमच्या दुकानाचा नियम माझ्या जन्माच्याही आधीपासूनचा. मंगळवार पेठेत वडिलांनी आईच्या नावानं 'विमल फोटो स्टुडिओ' काढला तेव्हा एक कॅमेरा, एक स्टँड आणि दोन दिवे एवढीच हत्यारं होती. पुढं व्हिडिओ कॅमेरे आले, कॉम्प्युटर आले, मी आलो, पण नियम तोच राहिला. पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली की ते यंत्र दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत देवाचं. एका नवमीला आईनं पूजा झालेला मिक्सर चुकून फिरवला, तर वडिलांनी ती चटणी ताटात घेतली नाही. दत्तोपंत म्हणजे दत्तोपंत. पेठेतली माणसं त्यांच्यावर घड्याळ लावायची.

आणि नियम मोडणाऱ्याला माफी नाही, हेही त्यांचंच. माझी थोरली बहीण अवंतिका. तिनं गारगोटीच्या प्रसेनजीतशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा शिकलेला, नोकरीवाला, स्वभावानं गाय. पण बौद्ध. संपलं. वडिलांनी आरडाओरडा केला नाही. दुकानाच्या काचेच्या कपाटात तिचा परकर-पोलक्यातला मोठा फोटो लावलेला होता, तो काढला आणि आईला आणि मला समोर उभं करून सांगितलं, "या घरात तिचं नाव निघायचं नाही." कपाटातलं मखमली कापड उन्हानं विटलं होतं. फोटोच्या जागी तेवढा चौकोन गडद राहिला. त्यावर दुसरा फोटो मात्र त्यांनी कधी लावू दिला नाही. माझ्या मते हा शुद्ध हटवादीपणा होता, आणि तो मी त्यांना तोंडावर कधी सांगू शकलो नाही याचा मला राग होता.

यंदा वैशाखात प्रसेनजीतच्या बहिणीचं, दीप्तीचं लग्न निघालं. अवंतिकाचा मोबाइलवर फोन आला, "शूटिंगला तूच ये." मी गेलो. घरी सांगितलं, राधानगरीला धरणाचं शूटिंग आहे. धरणाचं शूटिंग भर उन्हाळ्यात कुणाला पाहिजे असतं, असं वडिलांनी विचारलं नाही. मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. पण चोराला सुटकेचा आनंद एवढा असतो, की पोलीस का झोपलाय हे तो बघत नाही.

व्हिडिओवाल्याचा 'पुढचा आठवडा' जगप्रसिद्ध आहे. वैशाखाचा आश्विन झाला. शेवटी प्रसेनजीतनं एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन पाठवली आणि निरोप दिला, "कापाकापी करू नका, आहे तेवढं सगळं शूटिंग यात भरून द्या." आमच्याकडं दोन कॉम्प्युटर. एक पुढं काउंटरवर, एक आत. आतली खोली म्हणजे वडिलांची जुनी डार्करूम. तिला आम्ही अजूनही अंधारखोलीच म्हणतो. आतला कॉम्प्युटर ताकदीचा, पण त्याची यूएसबीची भोकं गेलेली. म्हणून डिस्क जोडली पुढच्याला, आणि दोन्ही मशीनमध्ये वायर टाकून ती मी आत बसून वापरली. आतल्या पडद्यावर त्या डिस्कचं एक चिन्हही करून ठेवलं, दोनदा दाबलं की थेट उघडावं म्हणून. मी आत सकाळीच बसायचो, दुपारनंतर काउंटरवर.

नवमीच्या दुपारी डिस्क न्यायला स्वतः भाऊसो आले. प्रसेनजीतचे वडील. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, खिशाला पेन. दुसऱ्या दिवशी आमचा दसरा, त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. घरी सगळे पाहुणे जमणार, दीप्ती आणि जावई येणार, आणि टीव्हीवर लग्न लावायचं ठरलेलं. फोनवर मी त्यांना आधीच हात जोडून सांगितलं होतं, की दुकानात ओळख दाखवू नका.

"वळख द्यायची न्हाय म्हंता? बरं," ते तेव्हा म्हणाले होते. "गिऱ्हाईक तर गिऱ्हाईक." ते 'बरं' माझ्या मनाला लागून राहिलं होतं.

ते काउंटरसमोरच्या स्टुलावर बसले आणि त्यांची नजर सरळ काचेच्या कपाटातल्या त्या गडद चौकोनावर गेली.

"हितं कुणाचा फुटू हुता ओ?"

"काच फुटली," मी म्हणालो.

"व्हय काय," भाऊसो म्हणाले आणि दुसरीकडं बघायला लागले.

तेवढ्यात वडील बाहेर आले. अंगावर कद, हातात हळदकुंकवाचं ताट. त्यांनी भाऊसोंकडं बघितलं, "बसा पावणं," म्हणाले, आणि मला म्हणाले, "आतल्या मशीनची पूजा झाली. चालू ठेवलंय. बंद यंत्राची पूजा करत नाहीत. पुढच्यावरचं तुझं काम झालं की हाक मार, त्याची पूजा करू." आणि ते परत अंधारखोलीत गेले, दार लोटून घेतलं. आता दोन मिनिटांचं काम. डिस्क काढायची, भाऊसोंच्या हातात द्यायची, त्यांना गारगोटीच्या एसटीत बसवायचं.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या हिरव्या बाणावर मी माऊस नेला, डिस्क काढतोय म्हणून सांगितलं. पाटी आली: हे साधन आत्ता थांबवता येत नाही, नंतर पुन्हा प्रयत्न करा.

"काय म्हंतंय?" भाऊसोंनी विचारलं.

"आत्ता निघत नाही म्हणतंय."

"आत्ता न्हाय तर मग कवा?"

ते मलाही माहीत नव्हतं. आठवडाभर ही डिस्क असाच हट्ट करत होती. रात्री दुकान बंद करताना दोन्ही मशीनच बटणावरून बंद करून मी वेळ मारून नेत होतो. पण आत्ता त्याच मशीनवर कसबा बावड्यातल्या एका गिऱ्हाइकाची डीव्हीडी राइट होत होती. मशीन बंद केलं की ती डीव्हीडी कपबशी ठेवायच्या लायकीची. मी फोल्डर बंद केले. व्हिडिओचा प्लेअर बंद केला. पुन्हा हिरवा बाण. पुन्हा तीच पाटी. अँटिव्हायरस डिस्क चाळत बसला असेल म्हणून त्यालाही गप्प केलं. पाटी हलेना.

"वढून काडा की तिच्या मारी," भाऊसो म्हणाले. "वायरच हाय न्हवं?"

"तसं नाही काका. डिस्क वापरात असताना ओढली तर आतलं सगळं जाऊ शकतं."

हे मी पुस्तक वाचून सांगत नव्हतो. मागच्या वर्षी घाईत एकाची डिस्क अशीच उपटली होती. पुन्हा जोडली तर कॉम्प्युटर म्हणाला, डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करू का? अख्खं बारसं गेलं. पोराचा बाप दुकानाच्या दारात उभा राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "आता काय पोराला परत पाळण्यात घालू?" पोरगं तेव्हा चालत होतं. इथं तर दीप्तीचं लग्न होतं, आणि कॅमेऱ्यातल्या मूळ कॅसेटी मी पुसून पुन्हा वापरल्या होत्या. म्हणजे आता लग्न होतं ते त्या एका काळ्या डबीत.

कुणीतरी ही डिस्क वापरतंय, असं मशीन ठासून सांगत होतं. पण कोण? पुढच्या मशीनवर सगळं बंद. आतल्या मशीनचा विचारही माझ्या मनात आला नाही. कसा येणार? ते पूजेत होतं. त्याच्या पडद्यावर माळ होती, माऊसवर कुंकू होतं, आणि वर राखण करायला साक्षात दत्तोपंत बसले होते. पूजेतल्या यंत्राला हात लावणारा आमच्या घरात जन्मला नव्हता. मी आपला व्हायरसला शिव्या घालत बसलो.

"माझी एसटी जातीया," भाऊसो म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यांनी खिशातलं पेन काढून उगीचच परत लावलं. "पोरगी उद्या दारात उभी ऱ्हाणार. काय सांगू तिला?"

शेवटी सुचलं, की डिस्क वायरीतून आत दिलीय, ते देणंच बंद करावं. ते बंद करायला गेलो तर नवीन पाटी आली, आणि ती वाचून माझा हात माऊसवरच राहिला. एक जण जोडलेला आहे. एक फाइल उघडी आहे. शेअरिंग बंद केलं तर ती बंद होईल. करू?

एक जण? वायरीच्या दुसऱ्या टोकाला एकच मशीन होतं.

मी उघड्या फायलींची यादी काढली. एकच ओळ. नाव वाचलं, आणि खरं सांगतो, पुन्हा वाचलं. ती फाइल लग्नविधीची नव्हतीच. लग्नात जेवणाच्या पंगती चालल्या असताना मी कॅमेरा टेबलावर ठेवून जेवायला बसलो होतो आणि तो बंद करायचा राहिला होता. समोर अवंतिका येऊन बसली होती. कापाकापी करायची नाही म्हणून तो तुकडाही मी डिस्कवर तसाच टाकला होता. त्यात काय आहे, हे मला आणि अवंतिकालाच माहीत होतं, अशी माझी समजूत होती.

"काय झालं?" भाऊसो उठून उभे राहिले. "तोंड का पडलं तुमचं?"

उठलो, अंधारखोलीचं दार ढकललं.

वडील खुर्चीत बसले होते. झेंडूची माळ पडद्यावरून काढून नीट घडी करून बाजूला ठेवलेली. कानावर माझे हेडफोन. उजवा हात माऊसवर, बोटांना कुंकू. चाळीस वर्षांत ज्या माणसानं नवमीला कात्री उचलली नाही, तो माणूस पूजेतल्या मशीनवर बसून व्हिडिओ बघत होता. मेलेला माणूस उठून बसलेला दिसला असता तरी मी एवढा हादरलो नसतो.

पडद्यावर वाकडं टेबल, पाण्याचा जग, अवंतिकाच्या हिरव्या बांगड्या, कडेला तिची लहान शिवानी भाताशी खेळतेय. अवंतिका दिसत होती फक्त हनुवटीपर्यंत. आवाज मला ऐकू येत नव्हता, पण तो मला पाठ होता.

"बाबा बीपीच्या गोळ्या घेतात का रे?"

"घेतात."

"जेवणानंतरची विसरतात ते. रागावलेले असले की मुद्दाम विसरतात. माझ्यामुळं नाही ना रे विसरत?"

"छे गं. घेतात. तू जेव."

वडील पडद्याकडं बघत मोठ्यानं म्हणाले, हेडफोन लावलेला माणूस बोलतो तसं, "घेत नाही. खोटं सांगतोय तो."

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकले नाहीत. हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि मला वाटलं आता दुकान डोक्यावर घेतील. त्यांनी पडद्याकडं बोट केलं.

"कॅमेरा असा ठेवतात का रे? फ्रेम वाकडी. अख्ख्या लग्नात तिचा चेहरा दिसतो, मी सगळं बघितलंय. इथं माझं विचारते, आणि नेमका इथंच चेहरा कापलास."

"कधीपासून बघताय?" मी विचारलं.

"तू दुपारचा झोपतोस तेव्हा. रोज. तू उघडताना मी बघत होतो, तसं उघडायला शिकलो." मग ते थोडे ओशाळले. "बंद करायला येत नाही. रोज नुसता पडदा बंद करतो."

म्हणजे आठवडाभर ज्या व्हायरसला मी शिव्या घातल्या, तो कद नेसून माझ्या शेजारी वरणभात जेवत होता. मला हसू यायला हवं होतं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

मागं आवाज झाला. भाऊसो दारात येऊन उभे होते. पडद्यावर त्यांची सून, त्यांची नात, आणि पडद्यासमोर हा माणूस. मी मध्ये उभा राहायला गेलो, काहीतरी खोटं रचायला लागलो, "बाबा, हे आपले एक गिऱ्हाईक..."

"गप्प बस," वडील म्हणाले. मग वळून म्हणाले, "भाऊसो, तुमची एसटी चुकेल."

मी हबकलो, भाऊसो माझ्याहून जास्त. "मला वळखता तुमी?"

"अख्खं लग्न बघितलंय. नवरीला निरोप देताना तुम्ही मंडपाच्या खांबामागं जाऊन रडलात. ह्यानं तेवढं बरं टिपलंय."

भाऊसोंनी मान खाली घातली. मग मीच पुढं झालो, वडिलांचा हात माऊसवर होता तसाच धरला, कोपऱ्यातल्या फुलीवर नेला आणि दाबला. "असं बंद करायचं," मी म्हणालो. अवंतिका पडद्यावरून गेली. वडील त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिले.

मी पुढं आलो, हिरव्या बाणावर दाबलं. या खेपेला पाटी मुकाट आली: साधन काढायला हरकत नाही. मी वायरीला हात घालणार, तोच वडील ताट घेऊन पाठीमागून आले. त्यांनी हळदीची चिमूट डिस्कवर ठेवली, वर कुंकू ठेवलं, घडी केलेली ती माळ तिच्याभोवती घातली. काळी डबी पिवळीलाल झाली.

"आता हलवायची नाही," ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "बाबा, ती त्यांची डिस्क आहे!"

"पंत," भाऊसो शांतपणे म्हणाले, पण त्यांचा जबडा आवळला होता. "आमी न्हाय मानत ह्ये. आमी सोडलंय ह्ये सगळं."

"तुम्ही मानू नका. दुकान माझं, नियम माझा. पूजेत बसलं ते सीमोल्लंघन झाल्याशिवाय उठत नाही."

"सीमोल्लंघन उद्या सांजंला दसरा चौकात. तवर आमच्यातल्या पावण्यांनी काय भिंत बगायची?"

"सीमोल्लंघन म्हणजे गावाची शीव ओलांडणं. त्याला दसरा चौकच कशाला पाहिजे?" वडील म्हणाले. "गारगोटीला जाताना शीव लागतेच की. सकाळी मी घेऊन येतो."

आई चहा घेऊन दुकानामागच्या स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ते ऐकून चहा बशीत सांडला, आणि तिनं तो तसाच भाऊसोंच्या पुढं धरला. भाऊसोंनी घेतला नाही. ते वडिलांकडं बघत होते. या माणसाचा चार वर्षांचा राग त्यांनी आपल्या घरात, सुनेच्या तोंडावर बघितला होता. तो असा कुंकवाच्या चिमटीत विसरायला ते काही लेचेपेचे नव्हते.

"या की," ते म्हणाले. "पर डिस्क उंबऱ्यावर ठिऊन माघारी फिरायचं न्हाय. आमच्यात जेवल्याबिगर जायाचं न्हाय. आमच्या मंडळीच्या, आक्काताईच्या हातचं. चालत आसंल तर या, न्हायतर ही डिस्क मी आत्ता उचलून नेतो, मोडली तुमची पूजा तर मोडली."

तेवढ्यात काउंटरवरच्या मशीनमधून राइट झालेली डीव्हीडी बाहेर आली. वडील बाहेरचं पाणी घेत नाहीत; लग्नाच्या ऑर्डरला जाताना घरून डबा नेत आले. मला त्यांचं उत्तर माहीत होतं. माझा त्यांच्यावरचा सगळा राग पुन्हा वर आला.

वडिलांनी ताट काउंटरवर ठेवलं. कदाला पुसून पुसून बोटांचं कुंकू जाईना.

"माझी जेवणानंतरची गोळी असते," ते म्हणाले. "ती बरोबर घ्यावी लागेल."

भाऊसोंनी आईच्या हातातला चहा घेतला. बशीत सांडलेला आधी प्यायले, मग कपातला.

दुसऱ्या दिवशी गारगोटीत पंगत बसली. डिस्क टीव्हीपाशी पोचली होती, कडेच्या फटीत थोडं कुंकू राहिलं होतं आणि दीप्ती ते काडीनं काढत होती. वडील पाटावर बसून खाली मान घालून जेवले. आमटी दोनदा मागितली. अवंतिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सकाळपासून ती त्यांच्या समोर आलीच नव्हती आणि त्यांनीही तिला हाक मारली नव्हती. हात धुऊन वडिलांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तळहातावर घेतली आणि कुणाकडंच न बघता म्हणाले, "पाणी."

आक्काताई उठायला लागल्या. भाऊसोंनी त्यांना हातानं बसवलं. अवंतिका तांब्या घेऊन आली. त्यांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि माझ्याकडं बोट करून तिला म्हणाले, "हा तुला खोटं सांगत होता. आजपासून घेतो."